वंदना शेवडेचा राजीनामा

झाशीत बाईला कोणी कमी लेखत नाही. हे वाक्य मी या गावातल्या इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की आता ते मलाही खरं वाटतं. कमी लेखणार तरी कसं? इथे प्रत्येक बाईची उंची पुतळ्याच्या चौथऱ्यासकट मोजतात. शाळकरी मुलगी असो की रस्ता झाडणारी बाई, सगळ्यांना एकाच घोड्यावर बसवलेलं असतं. बसवल्यावर तिने खाली उतरायला मागू नये, आणि विशेषतः दुपारी बारा वाजता घरी जायला मागू नये, एवढीच अपेक्षा असते.

वंदना शेवडेने बारा वाजता घरी जायला मागितलं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका बियाण्यांच्या कंपनीत आम्ही एकत्र होतो. मी पाकिटांवरचा आणि पत्रकांवरचा मजकूर लिहीत असे. धरती सोनं ओकेल, कोठार भरून वाहील, अशी वाक्यं. वंदना मागच्या खोलीतल्या प्रयोगशाळेत बसून ते सोनं प्रत्यक्षात किती उगवतं ते मोजत असे. कामाच्या स्वरूपामुळे आमचं जमायला नको होतं. पण त्या इमारतीत मराठी बोलणारी आम्ही दोघंच. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांचं की आमच्या मराठीला बुंदेली पाणी लागलेलं आहे, तरी गाव आम्हाला अजून 'दक्षिणी' म्हणतं. ती तर खरोखरच दक्षिणेकडून आलेली होती. माहेर मिरजेचं, लग्न करून झाशीच्या शेवड्यांकडे आली. ऑफिसात तिला 'सेवड़े मैडम' म्हणत. पुढे 'सेव-बड़े मैडम' झालं; बड़े म्हणजे इकडचे वडे. तिने एकदाही दुरुस्त केलं नाही. म्हणाली, "खाण्याच्या दोन वस्तू आहेत, काका. नावात आणखी काय हवं?"

तिचं काम असं: ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबेच्या कपाटात ठेवायची, काही दिवसांनी उलगडून चिमट्याने एकेक बी बाजूला करत मोजायचं. ती मोठ्याने मोजायची, आणि मराठीत. एकोणसाठ, साठ, एकसष्ट. बाहेरच्या हॉलमध्ये बसलेल्या हिशेबनिसाची बेरीज त्यामुळे चुकते अशी त्याची तक्रार होती. ती म्हणायची, "माझ्या मोजण्याने चुकत असेल तर ती आधीपासूनच चुकत असणार."

मोजलेल्या बियांचे पाच ढीग होत. सामान्य अंकुर, असामान्य अंकुर, कठीण बी, ताजं पण न उगवलेलं बी, आणि मेलेलं बी. ती माणसांनाही या पाच ढिगांत टाकायची, आणि एकदा टाकलं की ढीग बदलत नसे. आमचे मॅनेजर तिवारीजी कठीण बी. "मेलेले नाहीत, काका. पाणी आत शिरत नाही, एवढंच." कंपनीचे मालक, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, ते असामान्य अंकुर. "शेंडा बघा कसा जोरात आलाय. मुळाचा पत्ता नाही." मी विचारलं, मी कुठल्या ढिगात? तिने मला नीट न्याहाळलं. "ताजे, न उगवलेले. जिवंत आहात, पण अजून काही ठरवलेलं नाही." मी तेव्हा साठीला टेकलो होतो.

एका हंगामात वाटाण्याचा मोठा माल आला. पाकिटं आधीच छापून झाली होती, मजकूर माझाच. तपासणीत माल नापास झाला. बाबूजी स्वतः प्रयोगशाळेत आले, जे ते एरवी फक्त पाहुण्यांना दाखवायला येत. "मैडम, थोड़ा-सा देख लीजिए. आपकी क़लम की बात है."

"क़लम की बात नहीं है, बाबूजी. मैं तो सिर्फ़ गिनती हूँ. उगना-न उगना बीज का काम है. उसी से पूछिए."

बाबूजींनी खरोखर एक वाटाणा उचलून पाहिला. मग तो खिशात टाकून निघून गेले. माल परत गेला, पाकिटं रद्दीत गेली. तिवारीजी पुढे बरेच दिवस तिला 'मैडम' ऐवजी 'मैडम जी' म्हणत. झाशीत जी जास्त लागला की सावध व्हावं.

तिला दिवस गेले तेव्हा कायद्याने मिळायची ती पूर्ण रजा मिळाली. बाबूजींनी ती एका छोट्या समारंभात दिली. फळांची टोपली होती, फोटो होता, आणि रजा आपणच शोधून काढल्यासारखं भाषण होतं. ती टोपली घेऊन उभी आहे असा तो फोटो पुढे कंपनीच्या कॅलेंडरवर आला.

रजा संपवून ती परत आली तेव्हा वजन उतरलेलं होतं आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. बाकी तीच होती. घर लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या पलीकडे. नवरा, अजित, कचेरीत नोकरीला. सासूबाईंचे हात कापत, त्यांच्याने मूल उचलवत नसे. शेजारची एक बाई सकाळपासून बारापर्यंत मुलीला सांभाळायला तयार होती, पुढे नाही. कंपनीत माणसं भरपूर होती, पण कागदावर ती पन्नास कधीच होत नसत. पन्नास झाली की पाळणाघर काढावं लागतं. उरलेली माणसं ठेकेदाराच्या नावावर असत आणि आमच्याच पंख्याखाली बसत.

तर वंदनाने मागणी केली, ती साधी होती. मूल दीड वर्षाचं होईपर्यंत अर्धा दिवस काम, अर्धा पगार. मग पूर्वीसारखं पूर्ण. तिचा एक मावसभाऊ मिरजेला वकील होता, त्याच्याशी बोलून आली होती.

"रजेवर असताना माझ्या नोकरीच्या अटींना हात लावता येत नाही, काका. माझी जागा माझीच. शिवाय मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सोडावं लागतं. पण आमच्या घरी जाऊन येईपर्यंतच ती सुट्टी संपते. म्हणून अर्धा दिवस. आणि अर्धा दिवस मात्र हक्क नाही. तो दोघांनी मिळून ठरवायचा."

"दोघं म्हणजे?"

"मी आणि बाबूजी."



ती बाबूजींच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मी तिथेच होतो, महिला दिनाच्या फलकाचा मजकूर घेऊन. बाबूजींनी मजकूर बाजूला ठेवला, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि खुर्चीत मागे रेलले.

"बेटी, ये झाँसी है. यहाँ की औरत ने बच्चा पीठ पर बाँधकर तलवार चलाई है. और आप आधा दिन माँग रही हैं?"

वंदना म्हणाली, "बाबूजी, वो बच्चा तब आठ-नौ साल का था. दूध नहीं पीता था."

बाजूला बसलेले तिवारीजी खोकले. बाबूजींनी फलकाचा मजकूर पुन्हा उचलला, वाचला, खाली ठेवला. मग गंभीर आवाजात म्हणाले, "ठीक है. हम आपके लिए पूरी चेष्टा करेंगे."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते सांगायला नको. वंदनाला दोन्ही ठाऊक होते. बाहेर आल्यावर ती दाराशी थांबली. "ऐकलंत ना काका? पूर्ण चेष्टा करणार आहेत." आणि ती हसली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही, पण त्या दिवशी हे कोणाला माहीत असणार!

मी पुतण्याच्या लग्नाला ग्वाल्हेरला गेलो. मागे जे झालं ते मला नंतर दोन्हीकडून कळलं. दोघांनी सांगितलेलं शब्दाला शब्द सारखं होतं, फक्त अर्थ वेगळा होता.

तिवारीजींनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "मैडम जी, बाबूजी मान गए हैं. आप राज़ीनामा दे दीजिए, बात आज ही ख़त्म."

आता, इकडच्या कचेरीत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजीखुशीचा कागद. भावाभावांचं शेत वाटून झालं, शेजाऱ्यांची मारामारी मिटली, की राज़ीनामा होतो. मिरजेत शिकलेल्या वंदनाचं हिंदी शाळेतलं आणि सिनेमातलं. सिनेमात कोणी लेखी तडजोड करत नाही. तिला एकच राजीनामा माहीत होता. अर्धा दिवस मागितला म्हणून हे आपल्याला नोकरीच सोडायला सांगतायत, असं तिने ऐकलं.

"मैं राजीनामा नहीं दूँगी," ती म्हणाली.

"अरे, मैडम! इसी में आपका भला है."

"मेरा भला मैं देख लूँगी. आप जो चाहे कर लीजिए, राजीनामा मैं नहीं दूँगी."

तिवारीजींच्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी मागितलेली गोष्ट मिळत असताना ती घ्यायला नकार देत होतं. त्यांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला की बाईला समझौता नकोय, लढाई हवीय. मागे वकील असणार. कदाचित श्रम कार्यालयात जाऊन आलेली असणार. त्यांनी बाबूजींना तसं सांगितलं, आणि कंपनी घाबरली.

तो आठवडा आमच्या कंपनीच्या इतिहासात नोंदवण्यासारखा होता. प्रयोगशाळेच्या बाजूची अडगळीची खोली रिकामी झाली, तिला पडदा लागला, आत दूध पाजायला एक खुर्ची आली. वंदना बारा वाजता उठून घरी जायची आणि कोणी काही विचारायचं नाही. तिवारीजी सकाळी येऊन, पंखा ठीक चालतो ना, असं विचारायचे. तिला वाटलं, बकऱ्याला कापण्याआधी हार घालतात ते हेच. ती अधिकच ताठ झाली. हिशेबनीस सांगत होता की त्या आठवड्यात ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजत होती.

रविवारी तिने हे सगळं घरी सांगितलं. अजित झाशीत जन्मलेला. त्याला मराठी पूर्ण कळते, बोलताना अर्ध्यावर हिंदीत उतरतो. तो आधी हसला आणि मग चिडला.

"अगं, राज़ीनामा म्हणजे समझौता! ते तुला आधा दिवस देतायत आणि तू तिथे झगड़ा करून येतेस? उद्या सकाळी जाऊन आधी माफी माग."

मी सोमवारी परतलो तेव्हा ती माफी मागून बसली होती. मला सगळं सांगितलं, एका सुरात, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. शेवटी म्हणाली, "किती गंमत, नाही का?" आणि चिमटा पुसत राहिली.

कागद हिंदीत लिहायचा म्हणून मला आत बोलावलं. बाबूजींना देवळातून यायला उशीर झाला. ते येईपर्यंत तिवारीजींनी अटी सांगायला सुरुवात केली. आठवडाभर घाबरलेला माणूस घाबरणं संपल्यावर त्याचा हिशेब चुकता करतो. वंदना शेवडे स्वेच्छेने अंशकालिक होतील. वेतन अर्धं. कामाची जागा चिरगाव, कारण सकाळी माल तिथल्या गोदामात उतरतो.

"चिरगाव?" वंदना म्हणाली. "तिथे बसने जायला यायलाच..."

"आधा ही दिन तो है, मैडम."

मी लिहिता लिहिता थांबलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक वाक्य रह गया. डेढ़ साल के बाद फिर से पूरा काम, मेरी इसी जगह पर."

"वो तो समझा हुआ है."

"समझा हुआ है तो लिख दीजिए."

"लिखने की क्या बात है, घर की बात है. लिखेंगे तो लगेगा आपको हम पर भरोसा नहीं."

"नहीं है," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबूजी आले, कपाळावर ताजा टिळा. सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं गेलं. चहा आला. बाबूजींनी भरवसा या विषयावर बोलायला सुरुवात केली. बारा कधीच वाजून गेले होते. वंदनाने मध्येच, आत येताना खुंटीला अडकवलेला आपला प्रयोगशाळेचा पांढरा कोट घेतला, अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि हात छातीवर घट्ट घेऊन बसली. त्या उकाड्यात तिने कोट का घातला ते मला कळलं नाही. रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, दुधाची वेळ टळली होती तिची. पोर तिकडे रडत असणार, इकडे पान्हा थांबतो का?"

बाबूजी अजून भरवशावरच होते. वंदनाने माझ्यासमोरचा कागद ओढला, सही केली आणि म्हणाली, "मैं जाऊँ?"

ते वाक्य लिहायचं राहिलं.

चिरगावचा अर्धा दिवस कंपनीपुरता अर्धा होता. जाणारी बस आणि येणारी बस धरली की तो वंदनाला पूर्ण दिवस पडत असे. शेजारची बाई बारानंतर थांबायला कशीबशी तयार झाली, पण त्याचे जादा पैसे मागू लागली, अर्ध्या पगारातले. पत्रकांच्या कामाने मी एकदा गोदामात गेलो होतो. पोत्यांच्या थप्पीमागे तिचं टेबल. ती ओला कागद उलगडून चिमट्याने बिया वेगळ्या करत होती, ओठ मिटून.

"मोजत नाहीस?"

"मोजते ना."

"मोठ्याने?"

"काय करायचंय मोठ्याने."

मी इकडचं तिकडचं बोललो. तिवारीजींची नक्कल केली, जी तिला पूर्वी आवडायची. तिने नीट बघितली, जशी सरकारी सूचना वाचतात. मग म्हणाली, "काका, मला राग यायला हवा ना?"

"यायला हवा."

"येत नाही. पाय बधिर होतो ना, मांडी घालून फार वेळ बसलं की? आपलाच आहे हे माहीत असतं. हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. निरीक्षण म्हणून सांगितलं, आणि पुढची गुंडाळी उलगडली.

मी विचारलं, मावसभाऊ काय म्हणतो? "तो म्हणाला, कागदावर तुझीच सही आहे, आणि वर 'स्वेच्छा से' लिहिलंय. अक्षर छान आहे म्हणाला. तुमचं."

मुलगी दीड वर्षाची झाली. वंदना ठरल्याप्रमाणे सिव्हिल लाइन्सला आली, चांगली साडी नेसून. मागच्या खोलीत तिच्या टेबलावर एक नवा मुलगा बसला होता, कृषी पदवीधर, अतिशय नम्र. त्याने उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिवारीजींकडे गेली.

"मेरी जगह?"

"कौन-सी जगह, मैडम?"

"आपने कहा था, समझा हुआ है."

तिवारीजींना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "हमने तो यही समझा था कि आप वहाँ ख़ुश हैं."

तिने मान हलवली. वाद घातला नाही. एखादं बी कुठल्या ढिगात जायचं ते ठरल्यावर ती अशीच मान हलवायची. त्यानंतरही ती काही महिने चिरगावला जात राहिली. का, ते मी विचारलं नाही. एका मे महिन्यात ती मुलीला कडेवर घेऊन माझ्या टेबलाशी आली. मुलगी माझ्या पेनकडे टक लावून बघत होती.

"काका, आपल्या राजीनाम्याला यांच्यात काय म्हणतात?"

"इस्तीफ़ा. शुद्ध हिंदीत त्यागपत्र."

"त्याग?" ती म्हणाली. तिने त्या शब्दावर थोडा विचार केला. "नको. इस्तीफ़ा लिहा."

मी लिहिलं. चार ओळी, कारण न देता. तिने सही केली. आत जायची तिची इच्छा नव्हती, म्हणून मीच कागद घेऊन तिवारीजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मला परत दिला.

"पंडितजी, ये तो परमानेंट वालों का होता है. अंशकालिक का इस्तीफ़ा नहीं होता. वो बस आना बंद कर दें."

मी बाहेर येऊन तिला तसंच सांगितलं. मवाळ करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती म्हणाली, "बरं." कागद माझ्या हातातून घेतला आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. ऑटो मिळत नव्हता. मुलीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, म्हणून ती त्याच कागदाने तिला वारा घालत होती. मी खिडकीतून पाहत होतो. मे महिन्यात झाशीत वारा घालून काही उपयोग होत नाही. वाराच गरम असतो.